टिश्यू कल्चरच्या रोपात औषधी गुण उतरतो का?

प्रश्न: सर्पगंधेचं बी टाकलं तर फारच थोडं उगवतं, म्हणून टिश्यू कल्चरची (झाडाचा छोटा तुकडा लॅबमध्ये बाटलीत वाढवून केलेली) रोपं घ्यायचं मनात आहे. पण काहीजण म्हणतात की बाटलीतल्या रोपाच्या मुळीत दम नसतो. खरं काय? आणि हे घरी जमेल का?

उत्तर: सरसकट तसं नसतं, पण ही शंका अगदीच उगाच आलेली नाहीये. रोप कशापासून केलंय ते बघायचं. चांगल्या झाडाच्या खोडाचा डोळ्यासकट तुकडा घेऊन त्यालाच फुटवे काढले असतील तर रोपं बहुतेक आईसारखीच निघतात. आधी कॅलस म्हणजे पेशींचा नुसता गोळा वाढवून त्यातून रोपं काढली असतील तर मात्र मधल्या मधे फरक पडायची शक्यता वाढते, आणि तो फरक पानाकडे बघून कळत नाही. मुळात आईच्याच मुळीत रेसरपीन, म्हणजे तिच्यातलं औषधी द्रव्य, कमी असेल तर लॅब बिचारी काय करणार, त्याच कमी दमाच्या हजारो कॉप्या निघणार! म्हणून रोपं घेताना पहिला प्रश्न हाच, मातृवृक्ष कोणता आणि त्याच्या मुळीची तपासणी झालीय का. रोप किती हिरवंगार आहे ते नंतर बघा, बाटलीत साखर आणि हार्मोन मिळाल्यावर सगळीच हिरवीगार दिसतात.

दुसरं म्हणजे हार्डनिंग, म्हणजे बाटलीतल्या रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावणं, खरी मर इथे होते. बाटलीत दमटपणा भरपूर, त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पानाची छिद्रं वेळेवर मिटत नाहीत, मग रोप थेट उघड्यावर ठेवलं की बघता बघता मान टाकतं. मुळांना चिकटलेली जेली कोमट पाण्यात अलगद धुवायची, नाहीतर तिच्यातल्या साखरेवर बुरशी आलीच म्हणून समजा. मग कोकोपीटमध्ये लावून वर प्लास्टिक झाकायचं आणि ते दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं उघडत न्यायचं. लॅबमधून थेट बाटलीतली रोपं स्वस्त मिळतायत म्हणून घेऊ नका, हार्डनिंग झालेलीच घ्या.

घरी म्हणाल तर मीडियम, म्हणजे बाटलीतली ती पोषक जेली, निर्जंतुक करायला प्रेशर कुकर चालून जातो, १२१ डिग्रीच्या आसपास जातो तो. अडतं पुढे, तुकडा कापून बाटलीत ठेवताना. लिटरला ३० ग्रॅम साखर असलेलं मीडियम बुरशीला पण तेवढंच आवडतं, आणि काही बॅक्टेरिया तर तुकड्याच्या आतच बसलेले असतात, वरून कितीही धुवा, चांगले पंधरा दिवस गेल्यावर बुडाशी पांढुरका ढग दिसतो आणि ती बाटली गेली. तुम्हाला शे-दोनशेच रोपं हवी असतील तर हा खटाटोप कशाला, सर्पगंधा मुळीच्या बोटभर तुकड्यांपासूनही येते, पावसाळ्याच्या तोंडावर लावा.