फ्रिंजला चाललास? मग सेट घरी ठेव

अरे, आधी ती तीन झुंबरं तुझ्या संगीत नाटकाच्या संहितेतून काढ बघू. एडिंबरो फ्रिंजला, म्हणजे स्कॉटलंडमधल्या त्या ऑगस्टच्या नाट्यमहोत्सवात, एकाच खोलीत दिवसभर एकामागून एक प्रयोग लागतात. तुझ्या वाट्याला तासाभराचा स्लॉट, आणि सामान लावायला-आवरायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. आमचा सगळा संसार दोन बॅगांत मावायचा: घडीची खुर्ची, चार टोप्या, एक छत्री. तीच छत्री कधी राजाचं छत्र, कधी होडीचं वल्हं. लोक त्यालाच जास्त हसले.

वाद्यवृंद नकोच. एक पेटी, एक ढोलकी. रेकॉर्डेड ट्रॅकवर विसंबू नकोस. आमचा लॅपटॉप दुसऱ्याच गाण्यात झोपला, पेटीवाल्याने निभावून नेलं. आणि माइक नसेल तर ढोलकी दाबून वाजवायची. शब्द ऐकू गेला नाही की विनोद मेलाच.

पैसा खरा जातो तो ऑगस्टमधल्या राहण्यावर, तेव्हा खोली हिवाळ्यातच बघ. तिकीटविक्रीची धास्ती वाटत असेल तर फ्री फ्रिंज आहे: प्रवेश मोफत, शेवटी लोकांनी पैसे टाकावेत म्हणून दारात बादली धरायची. लाजायचं नाही!

रोज रॉयल माइलवर, म्हणजे एडिंबरोच्या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर, पत्रकं वाटायची, तीही वेशभूषेतच. पाऊस येतोच. मिशी ओघळली तरी गात राहा.