सफरचंद, नाशपाती आणि क्विन्सच्या बागेत विषाणूजन्य रोगांचे सर्वेक्षण नुसती पाने पाहून होते का?

शिमल्याकडील मित्राच्या मिश्र बागेत पाने पाहून रोगट झाडे मोजली तर पुरेल का, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे हिमाचलातच फळझाडांचे नमुने तपासत होतो, त्या अनुभवावरून सांगतो की नुसत्या नजरेने केलेली मोजणी हमखास कमी भरते.

डोळ्यांना सहज सापडतो तो सफरचंदाचा मोझॅक हा विषाणूरोग. वसंतात पानांवर पिवळट-पांढरे चट्टे उमटतात, पण उन्हाळ्यात फुटलेली पाने त्याच झाडावर स्वच्छ दिसू शकतात. क्लोरोटिक लीफ स्पॉट, स्टेम ग्रूव्हिंग आणि स्टेम पिटिंग हे तीन विषाणू तर सफरचंदाच्या बहुतेक बाजारी वाणांत काहीही लक्षण न दाखवता मुक्काम करतात. यांतला स्टेम पिटिंगचा विषाणू नाशपातीच्या काही वाणांत पानांच्या शिरा पिवळ्या करतो, आणि क्विन्सवर (हे नाशपातीच्या कुळातले फळझाड, याच्याच बिया आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात) काजळीसारखी वलये उमटवून पाने वेडीवाकडी करतो.

त्यामुळे नमुने प्रयोगशाळेत तपासावेच लागतात. कळ्या फुटल्यापासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ त्यासाठी उत्तम. कोवळी पाने आणि पाकळ्या घ्याव्यात, आणि त्या झाडाच्या चारही बाजूंनी घ्याव्यात, कारण विषाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. एकाच झाडाची एक फांदी बाधित आणि दुसरी निर्दोष निघाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. नमुना बर्फाच्या डब्यातून न्यावा. खलात वाटताच पानांचा रस चहासारखा तपकिरी होतो. त्यातली पॉलिफेनॉल द्रव्ये पुढच्या चाचणीत अडथळा आणतात, म्हणून वाटतानाच पीव्हीपी (ही द्रव्ये बांधून ठेवणारी भुकटी) घालतात. मोठ्या संख्येसाठी एलायझा (प्रतिपिंडांनी विषाणू ओळखणारी चाचणी) स्वस्त पडते, पण ‘विषाणू नाही’ हा तिचा निकाल मी अंतिम मानत नाही. शंका असेल तिथे आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी, अधिक संवेदनशील चाचणी) करावी. व्हर्जिनिया क्रॅब या लक्षणे स्पष्ट दाखवणाऱ्या सफरचंदाच्या जातीवर कलम बांधून पाहण्याची जुनी पद्धतही उत्तम आहे, मात्र साल सोलून लाकडावरच्या खाचा पाहायला बराच काळ थांबावे लागते.

संपूर्ण बाग तपासण्याइतका पैसा नसेल, तर ज्या झाडांवरून कलमकाड्या काढल्या जातात ती मातृवृक्षे आणि त्यांची खुंटरोपे आधी तपासा. वर सांगितलेल्या तिन्ही विषाणूंचा कीटकवाहक ज्ञात नाही. ते मुख्यतः कलमांतूनच पसरतात. प्रत्येक झाडाला क्रमांकाची पत्र्याची पट्टी मात्र पहिल्याच दिवशी बांधा. आम्ही एकदा रांगा मोजून काम भागवले, आणि पुढच्या वर्षी मधली झाडे तोडलेली निघाल्याने जुने निकाल कोणत्या झाडांचे होते, ते कळेना.