नाशिकजवळ अडीच एकरात दोन देशी गायी पाळायच्या आहेत, पुंगनूर घ्यावी की डांगी? परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या पुढे अडीच एकर आहे, विहीर आहे, तुमची नोकरी नाशिकला, आई-वडील शेतावर राहणार, आणि व्हिडिओ बघून पुंगनूर मनात भरलीय कारण ती लहान आहे, कमी खाते. माझं सरळ उत्तर आहे की डांगी घ्या. मी घोटीच्या बाजूचा, आमच्या दावणीला आजोबांपासून डांगीच आहे, त्यामुळे माझा ओढा तिकडे असणारच, पण कारणं सांगतो आणि मग तुम्ही ठरवा.

पहिलं कारण पाऊस. नाशिक शहरात वर्षाला 700 मिमीच्या आसपास पडतो, इगतपुरीला 3000 च्या पुढे जातो, आणि तुमची जमीन या दोघांच्या मधे असली तरी शहरापेक्षा घाटाच्या जवळची आहे, जून ते सप्टेंबर तिथे चिखल वाळतच नाही. पुंगनूर ही आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातली, कोरड्या मुलखातली गाय, उंची 70 ते 90 सेंमी, गुणी जनावर आहे यात वाद नाही, पण ती तिच्या मुलखात गुणी आहे. चार महिने ओल्या जमिनीवर उभं राहायची सवय नसलेलं जनावर इथे आणलं की खुरं मऊ पडतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, माश्या बसतात आणि गाय लंगडायला लागते, मग तुमचे आई-वडील डॉक्टरला फोन करत बसणार. शिवाय त्या लहान गायींची किंमत आता लाखांत सांगतात आणि अस्सल म्हणून विकलेल्या कितीतरी संकर केलेल्या असतात, कागद मागितला की विकणारा विषय बदलतो.

डांगी या पावसातच घडलेली आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, तिकडे अकोले आणि खाली गुजरातचा डांग, हा सगळा तिचा पट्टा. खुरं काळी आणि दगडासारखी कडक. आषाढात गाय भिजत चरून आली की तिच्या पाठीवरून हात फिरवून बघा, तळहाताला तेलकट लागतं, तो तिच्या कातडीचाच तेलकटपणा आहे, पाणी केसांत मुरत नाही, वरच्या वर ओघळून जातं, ती एकदा अंग झटकते, कान हलवते आणि गव्हाणीत तोंड घालते. त्याच पावसात संकरित एचएफ (होल्स्टीन या विदेशी जातीची) गाय बाहेर राहिली तर दुसऱ्या दिवशी तिचं नाक वाहतं आणि दूध कमी होतं, हे आमच्या गावात दरवर्षी बघायला मिळतं.

आता परवडण्याचं. दुधाचा हिशोब करून डांगी घेणार असाल तर घेऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय. एका वेताला, म्हणजे एकदा व्यायल्यापासून आटेपर्यंत, साधारण 500 लिटरच्या आसपास दूध धरा, चांगली निवडलेली गाय जास्त देते पण नियम म्हणून हेच धरा, म्हणजे वासराचं पोट भरून घराला रोज दीड-दोन लिटर, व्यायल्यावर पहिले दोन महिने थोडं जास्त. फॅट चारच्या वर लागते, दूध दाट, खरवस तर विचारू नका. वासराशिवाय ही गाय पान्हा सोडत नाही, त्यामुळे वासरू लवकर तोडायचं वगैरे डेअरीवाल्यांचे सल्ले इथे चालत नाहीत, दोन सड वासराला ठेवायचे आणि दोन काढायचे. दोन वेतांतलं अंतर सव्वा ते दीड वर्ष धरा. दोन्ही गायी एकाच वेळी गाभण घेऊ नका, सहा-सात महिन्यांच्या फरकाने घ्या म्हणजे एक भाकड (दूध आटलेली) असताना दुसरीचं दूध घरात राहील.

पैसा येतो तो दुधाबाहेरून, आणि तिथे बहुतेक नवीन लोक बघतच नाहीत. एक म्हणजे शेण. एक गाय दिवसाला आठ-दहा किलो शेण देते, जीवामृताला (शेतात घालायच्या आंबवलेल्या द्रव खताला) एकरी 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि 200 लिटर पाणी लागतं, म्हणजे तुमच्या अडीच एकराला दोन गायी पुरून उरतात आणि उरलेलं शेणखत द्राक्षबागवाले ट्रॉलीने घेऊन जातात, दिंडोरी-निफाडकडे त्याला गिऱ्हाईक कायम आहे. दुसरं आणि मोठं म्हणजे गोऱ्हे, म्हणजे नर वासरं. डांगीची खरी ओळख बैलावर आहे. घाटातल्या भाताच्या खाचरात चिखलणीला (लावणीआधी चिखल करायला) डांगी बैल लागतो, गुडघाभर चिखलात दिवसभर पाय उचलत चालणारा दुसरा बैल नाही. पॉवर टिलर आले, ट्रॅक्टर आले, मागणी कमी झाली हे खरं आहे, पण उतारावरच्या छोट्या छोट्या खाचरांत ट्रॅक्टर वळतच नाही, तिथे अजून जोडीच चालते. म्हणून शुद्ध डांगी गोऱ्हा झाला तर त्याला घेणारा मिळतो, आणि संकरित झाला तर कोणी फुकट नेत नाही, त्याला वशिंड नीट नसतं, उन्हात कामाला टिकत नाही, आणि 2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैल-गोऱ्ह्यांनाही लागू आहे म्हणजे तो गोऱ्हा आयुष्यभर तुम्हालाच सांभाळायचाय.

त्यामुळे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाय कोणती घेतली ही नाहीच, ती कशाने भरवली, म्हणजे कोणत्या जातीच्या वळूपासून गाभण केली, ही आहे. गाय माजावर आली की लोक घाईघाईत दवाखान्यात फोन करतात, जी कांडी (कृत्रिम रेतनाची, वळूच्या वीर्याची नळी) हाताशी असेल ती टाकून घेतात, ती एचएफची किंवा जर्सीची निघाली की दोन पिढ्यांत दावणीला ना डांगी राहते ना दुधाळ गाय. डांगीच्या कांड्या मिळतात पण आधी सांगून मागवून ठेवाव्या लागतात, गाय माजावर येण्याआधी. नाहीतर सरळ गावातला डांगी वळू बघा, त्र्यंबक-इगतपुरी भागात अजून सापडतो, फक्त तो तुमच्याच गायीचा भाऊ किंवा बाप नाही ना एवढं विचारून घ्या. माज दर 21 दिवसांनी येतो, डांगीचा माज बऱ्याचदा मुका असतो, हंबरत नाही, नुसती अस्वस्थ होते, बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसतो, शेपटी वर धरते, म्हणून आईला किंवा वडिलांना सकाळ-संध्याकाळ निरखून बघायची सवय लावा. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाभणकाळ नऊ महिने आणि वर आठ-दहा दिवस. पहिलं वेत मात्र उशिरा, कालवड चार वर्षांच्या आसपास व्यायची, धीर धरावा लागतो.

चाऱ्याचं तुमच्याकडे सोपं आहे कारण विहीर आहे. अडीचशे किलोच्या गायीला दिवसाला पंधरा किलो ओली वैरण आणि तीन-चार किलो कोरडी पुरते. बांधाला आणि पाच-सहा गुंठ्यांत राहुरी विद्यापीठाचं यशवंत किंवा फुले जयवंत गवत लावा, एका गायीचं ओल्या चाऱ्याचं वर्ष त्यात निघतं, दोघींना दहा-बारा गुंठे सोडा. कोरड्यात भाताचा पेंढा आसपास मुबलक असतो पण त्यात कस नसतो, त्याला युरिया प्रक्रिया करा, 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचं, कागदाने हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचं, उघडल्यावर तासभर वारा लागू द्यायचा आणि मग घालायचं, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला घालायचं नाही. निफाडहून मूरघासच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा येतात, उन्हाळ्यात त्याही बऱ्या. गाभण आणि दुभत्या गायीला सरकी पेंड-भरड्याची आंबोण (भिजवलेलं खाद्य), मिनरल मिक्स्चर आणि मीठ, एवढं बास.

आणि एक आपल्या जिल्ह्याचं खास सांगतो. कांद्याचे भाव पडले की ट्रॉलीच्या ट्रॉली कांदा जनावरांपुढे ओततात, गायी आवडीने खातात पण, कारण गोड लागतो. कांद्यातल्या गंधकाच्या घटकांनी गायीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, चार-सहा दिवसांनी लघवी लालसर-कॉफीसारखी होते, डोळ्यांच्या आतली कातडी पांढरी पडते, गाभण असेल तर गाभडू शकते. सगळ्या जनावरांत गायीला कांदा सर्वात जास्त बाधतो. चार कांदे खाल्ल्याने काही होत नाही, पण वैरणीच्या जागी कांदा अजिबात नको. तसंच द्राक्षाच्या छाटणीचा पाला, फवारलेला असतो, कोणी फुकट दिला तरी नको म्हणा. आणि पाऊस लांबून खुरटलेली कोवळी ज्वारी, तिच्यात सायनाइडचं विष असतं, तासाभरात जनावर जातं.

गोठ्यावर लाखो रुपये घालू नका. पूर्व-पश्चिम लांबी, पश्चिमेच्या बाजूने कारवीचा कूड (कारवीच्या काठ्यांची भिंत) घालून शेणाने लिंपलेला, कारण पाऊस तिकडून झोडपतो, बाकी बाजू हवेशीर, खाली दगडी फरस किंवा मुरूम, उतार असा की मूत साचणार नाही. सिमेंटचा गुळगुळीत कोबा करू नका, घसरून गायीचे पाय जातात. बाजूला तारेचं कुंपण घालून पाच-सात गुंठे मोकळं ठेवा, डांगी ही रानात चरणारी गाय आहे, चोवीस तास दाव्याला बांधली की खुरं वाढतात आणि माजच दाखवत नाही. रात्री मात्र गोठा जाळीने बंद पाहिजे, वरूनही. तुमच्या भागात बिबट्या आहे आणि वासरू हे त्याच्यासाठी सोपं आहे. नेलंच तर लगेच वनखात्याला कळवा, पंचनामा झाला की भरपाई मिळते, पण लगेच कळवलं तरच.

लसी चुकवू नका. पावसाआधी घटसर्प आणि फऱ्या, वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकूत, लम्पीची दरवर्षी, कालवडीला चार ते आठ महिन्यांत ब्रुसेला एकदाच. देशी गायीला काही होत नाही असं सांगणारे भेटतील, 2022 ला लम्पी आला तेव्हा आमच्याकडच्या डांगींनाही गाठी आल्याच. सरकारी दवाखान्यात बहुतेक लसी होतात.

घ्यायच्या आधी अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं ते एकदा बघून या, बहाळा, पारा, मणेरी असे रंग, वशिंड, चालणं हे सगळं एकाच ठिकाणी डोळ्याखालून जातं. मग घोटीचा बाजार, किंवा त्याहून चांगलं म्हणजे थेट पाड्यावर, महादेव कोळी किंवा ठाकर घरातून, तिथे गायीची आईही दावणीला दिसते आणि तिचं दूध किती ते खरं कळतं. दात बघा, चौसा (चार पक्के दात आलेली) किंवा नुकती जुळलेली (सगळे पक्के दात आलेली) घ्या. खाली वासरू असलेली घ्या आणि संध्याकाळची धार आधी रिकामी करून सकाळी स्वतःसमोर काढायला लावा. चारही सडांतून धार सारखी येते का बघा, आई स्वतः बसून काढते म्हणाली तर गाय तिच्या हाताला उभी राहते का तेही बघा. कानात बारा आकडी बिल्ला असला पाहिजे, 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री चालत नाही, नंबर दवाखान्यातून तुमच्या वडिलांच्या नावावर करून घ्या. आणि दिवाळीनंतर घ्या, तेव्हा चारा असतो, ओल संपलेली असते आणि पुढच्या पावसापर्यंत गायीला घरच्या माणसांचा आवाज ओळखीचा होतो.