मोर्चा कुणाच्या दारात?

सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधन आराखडा दोनदा वाचला. पहिल्या वाचनात माझी चिडचिड झाली, म्हणून सकाळी चहानंतर पुन्हा घेऊन बसलो. विषय उत्तम आहे. कल्याणकारी योजना बदलल्या की लोक रस्त्यावर कधी उतरतात आणि कधी गप्प बसतात, हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात बसूनच विचारावा असा आहे. चिडचिड झाली ती तुझ्या तिसऱ्या प्रकरणामुळे. २०१३ साली अन्नभाग्य, म्हणजे कर्नाटकाची रेशनच्या तांदळाची योजना, आली तेव्हापासूनचे पेपर चाळायचे, मोर्चे मोजायचे, योजनांच्या तारखांशेजारी मांडायचे आणि आलेख काढायचा, असं तू म्हणतेस. आलेख देखणा येईल. गाईडही खूश होतील.

मीही एकदा असंच मोजत फिरलो होतो. रेशन दुकानांत अंगठ्याचं मशीन नवं आलं होतं तेव्हाची गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या एका गावी दुकानाच्या कट्ट्यावर बसलो होतो. एका म्हातारीचा अंगठा उठेना. जन्मभर भात लावून, शेणी थापून बोटं गुळगुळीत झालेली. दुकानदारानं बोट पदराला पुसायला लावलं, पाण्यात बुडवायला लावलं, दुसरं बोट लावून बघितलं. मशीनचा लाल दिवा काही जाईना. तशा मागच्या रांगेतल्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या. ‘आम्ही वळखतोय की तिला, तुझं मशीन वळखत नाही तर आम्ही काय करू?’ अर्धा तास नुसता कालवा. शेवटी दुकानदारानं वहीत तिचा शाईचा अंगठा घेतला आणि तांदूळ मापून दिला. संध्याकाळी घरी येऊन मी त्या तारखेपुढं, आंदोलनाच्या रकान्यात, शून्य लिहिलं. ती वही अजून माझ्याकडं आहे.

त्या बायकांना भांडायला समोर माणूस होता. तक्रारीला पत्ता होता. योजनेच्या सुधारणेत हा पत्ता कसा आणि कुठं सरकतो, ते शोध. तुझा प्रबंध तिथं आहे, असं मला वाटतं.

२०२३ च्या जुलैत काय झालं ते बघ. कर्नाटक सरकारला वाढीव पाच किलो तांदूळ द्यायचा होता, केंद्राच्या साठ्यातून तो विकत मिळाला नाही, म्हणून किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यावर जमा करायचं ठरलं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून पैशांऐवजी पुन्हा तांदूळ सुरू झाला. म्हणजे तेच पाच किलो आधी पैसा झाले आणि मग परत धान्य. संशोधकाला अशी संधी मागून मिळत नाही. तांदूळ कमी आला तर दुकानासमोर गलका होतो. पैसे आले नाहीत तर? दुकानदार म्हणतो, ते आपल्याकडं नाही. बँकेतला म्हणतो, वरून आलेलं नाही. ‘ग्राम वन’ या सरकारी सेवाकेंद्रातला पोरगा म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. बाई एकटी जाते, एकटी परत येते. दुकानात रांग होती, आणि रांगेतूनच मोर्चा निघतो. खात्याला रांग नसते. हे माझं अनुमान आहे, तू खोडून दाखवलंस तर आनंदच होईल.

गृहलक्ष्मीत गुंता आणखी आहे. ३० ऑगस्ट २०२३ ला म्हैसूरला योजना सुरू झाली, कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर महिन्याला २००० रुपये. एका रेशन कार्डावर एकच बाई. त्यामुळं पहिलं भांडण सरकारशी झालंच नाही, ते स्वयंपाकघरात झालं. कार्डावर प्रमुख कोण, सासू की सून? कार्ड वेगळं करा म्हणून किती घरांत चुली वेगळ्या झाल्या, निदान कागदावर, हे तू विचारशील तर बायका तासभर बोलतील. हा प्रतिकार आहे का? माझ्या पिढीच्या व्याख्येत बसत नाही. तुझ्या व्याख्येत बसवायचा की नाही, ते तू ठरव, पण ठरवून लिही. नकळत गाळू नकोस.

गृहलक्ष्मी ज्या महिला-बालकल्याण खात्याकडं, त्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्या आमदार. २०२५ च्या डिसेंबरात, विधिमंडळाच्या बेळगावच्याच अधिवेशनात, त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चच्या हप्त्यांवरून विरोधकांनी गदारोळ केला. पत्ता एकाएकी गावाजवळ आला की नाही बघ. आणि अधिवेशनावरून आठवलं. २०१२ साली सुवर्ण विधानसौधचं, म्हणजे बेळगावच्या विधिमंडळ इमारतीचं, उद्घाटन झाल्यापासून डिसेंबरात हलगा-बस्तवाडच्या बाजूला आंदोलकांचे मांडव पडतात. अंगणवाडी ताई, आशा, ऊस उत्पादक, आरक्षण मागणारे, सगळे तिथं. पेपरमधले मोर्चे मोजलेस तर डिसेंबरात हमखास उंचवटा दिसेल. तो लोकांच्या रागाचा नाही, आमदारांच्या वेळापत्रकाचा आहे. तो वेगळा काढल्याशिवाय पुढचं एक वाक्य लिहू नकोस.

शक्ती योजनेकडं मात्र तू नीट बघितलेलंच नाहीस. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास. त्यावर खाजगी वाहतूकवाल्यांनी ११ सप्टेंबरला बेंगळुरात बंद पाळला, हे तू लिहिलंयस, बरोबर आहे, एकाची सवलत ही दुसऱ्याची खोट असते. पण दुसरी बाजू? पूर्वी खेड्यातल्या पन्नास बायकांना बेळगावात डीसी ऑफिसवर, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीवर, आणायचं तर टेम्पो ठरवावा लागायचा, वर्गणी काढावी लागायची, त्यात निम्म्या गळायच्या. आता आधार दाखवायचं, शून्य तिकीट घ्यायचं आणि चन्नम्मा सर्कलला उतरायचं. एका योजनेनं दुसऱ्या योजनेविरुद्धच्या निवेदनाचं भाडं भरलं! हे खरंच घडतंय का, की मला घडावंसं वाटतंय म्हणून दिसतंय, ते जुन्या कार्यकर्त्या बायकांना विचार. वर्गणीच्या वह्या मागून घे. त्यात पोस्टरपेक्षा जास्त इतिहास असतो.

सिद्धांताचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात तू माझ्यापेक्षा जास्त वाचलंयस. पिव्हन आणि क्लोवर्ड या अभ्यासकांनी अमेरिकेबद्दल मांडलं की अशांतता वाढली की मदत वाढते, शांतता झाली की आटते. ते इथं जसंच्या तसं लावू नकोस. आपल्या शेजारचं उदाहरण जास्त उपयोगी पडेल. वि. स. पागे यांनी १९६५ ला सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात त्याला बळ आलं आणि १९७७ ला महाराष्ट्रात कायदा झाला. काम मागणं हा हक्क झाल्यावर मजुरांच्या हातात तहसीलदाराला विचारायचा प्रश्न आला. तिथं योजनेनं माणसं शांत केली नाहीत, त्यांना दार दाखवलं.

आता सीमेचं. महाराष्ट्रातलं कागल आणि कर्नाटकातलं निपाणी यांत वीसेक किलोमीटर. भाषा एक, ऊस एक, पाहुणे एक, सरकारं दोन. इकडं गृहलक्ष्मीचे २०००, तिकडं जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १५००. इकडं पूर्ण फुकट बस, तिकडं १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट. माहेर कागल आणि सासर निपाणी असलेली बाई म्हणजे तुझा चालताबोलता तुलनात्मक अभ्यास. फक्त हिला ‘नैसर्गिक प्रयोग’ म्हणून मोकळी होऊ नकोस. लाडकी बहीण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आली, गृहलक्ष्मी निवडणुकीनंतर, आश्वासन पाळायला म्हणून. दोन्हींचा राग वेगळ्या मुशीत ओतलेला आहे.

शिवाय आपल्याकडं योजनेला १९५६ ची, म्हणजे राज्यपुनर्रचनेत हा मराठी पट्टा कर्नाटकात गेला त्या सालाची, सावली असते. २०२३ ला महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या, पण महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा आजारी माणसाचा कागद लगेच सीमाप्रश्नाचा कागद झाला. कर्नाटकानं हरकत घेतली. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळं प्रत्येक शिक्का, प्रत्येक दाखला मोजला जातो. एखादी बाई ‘अर्ज मराठीत द्या’ म्हणते तेव्हा ती हप्ता मागते आहे की भाषा? बहुतेकदा दोन्ही, आणि तिला ते वेगळं करायची गरज वाटत नाही. तू तिच्या वतीनं ते वेगळं करू नकोस. मराठी आहेस म्हणून तुला एकच उत्तर ऐकायची सवय लागेल, तेही सांभाळ. कन्नड वस्तीतल्या बायकांचा अंगठाही उठत नाही.

म्हणून कन्नड शीक. बोलायला येतं एवढ्यावर भागणार नाही. आदेश, सुत्तोले म्हणजे परिपत्रकं, सगळं कन्नडमध्ये येतं, आणि अट कोणत्या ओळीत बदलली ते मूळ वाचल्याशिवाय कळत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात बीपीएल कार्डं रद्द होऊ लागली, ओरड झाली, सरकार मागं आलं. त्या काही दिवसांत निघालेले कागद तारखेनुसार लाव. ओरड आणि माघार यांच्यात किती दिवस गेले ते तुला त्यातूनच दिसेल.

नावं लिहून घेऊ नकोस. फोटो तर नकोच. ‘ह्या पोरीनं लिहून नेलं आणि माझं नाव यादीतून गेलं’ असं एका बाईला जरी वाटलं, तरी त्या गावात तुला पुन्हा कुणी पाणी विचारणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

गाईडना तिसरं प्रकरण बदलतेय म्हणून आताच सांगून टाक, पुढच्या सहामाहीवर ढकलू नकोस.

येत्या शनिवारी मोकळी असशील तर खानापूरला जाऊ. ती शून्याची वही घेऊन येतो. सकाळी सीबीटीवर, बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, भेट. तुझं तिकीट शून्याचं निघेल, माझे पैसे मला मोजावे लागतील.