राक्षस नेमका कोण, हा प्रश्न पाडणारी चित्रं कोणती?

तुम्ही विचारलंय की जुन्या कथा नव्याने मांडणारी आणि ‘यात राक्षस नेमका कोण?’ असं बघणाऱ्याला विचारणारी चित्रं कोणती, आणि चित्रकार हे साधतात तरी कसं. मी शाळेत चित्रकला शिकवते. या प्रश्नावर सगळ्यात आधी माझ्या डोळ्यांपुढे येतं ते जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांचं १८८५ सालचं ‘मिनोटॉर’. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

ग्रीक कथा थोडक्यात सांगते. क्रीट बेटाचा राजा मिनोस. समुद्रदेव पोसायडनने त्याला बळी देण्यासाठी एक पांढराशुभ्र बैल पाठवला. बैल इतका देखणा निघाला की राजाने तो आपल्याच कळपात ठेवून घेतला आणि दुसराच बैल कापला. देव कोपला, पण भोगलं राणीने. तिला त्या बैलाचंच वेड लागलं आणि तिच्या पोटी बैलाच्या डोक्याचं मूल आलं. ते जगापासून लपवायला राजाने चक्रव्यूह बांधून घेतला. पुढे अथेन्सवर खंडणी बसवली, सात मुलगे आणि सात मुली, या बैलतोंड्याच्या पुढ्यात सोडायला. शेवटी अथेन्सचा राजपुत्र थीसियस येतो, त्याला मारतो. शतकानुशतकं चित्रकारांनी जास्त करून हाच क्षण रंगवला: वीर ताठ उभा आणि जनावर पायाशी.

वॉट्स यांनी वीराला चित्रात घेतलंच नाही. चक्रव्यूह दिसत नाही, रक्त दिसत नाही. एक दगडी कठडा, त्यावर ओणवा झालेला मिनोटॉर, पलीकडे समुद्र. तो आपल्याकडे बघत नाही. आपण जवळजवळ त्याच्या पाठीशी उभे आहोत आणि तो बघतोय तिकडेच आपली नजर जाते. अथेन्सच्या मुलांना आणणारं जहाज त्याच दिशेने येणार आहे. तोंड किंचित उघडं, मान पुढे काढलेली. आणि कठड्यावर टेकलेल्या त्याच्या मुठीखाली एक चिमुकला पक्षी चिरडलेला आहे.

हे चित्र संतापातून आलं. जुलै १८८५ मध्ये विल्यम स्टेड या संपादकाने ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये लेखमाला छापली. लंडनमध्ये कोवळ्या मुली वेश्याव्यवसायासाठी कशा विकल्या जातात, याचा तो पंचनामा होता, आणि त्याने सुरुवातच अथेन्सच्या या खंडणीच्या कथेने केली होती. वॉट्स यांनी ते वाचलं आणि एका सकाळीच हे चित्र रंगवून काढलं असं सांगतात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये संमतिवय १३ वरून १६ करणारा कायदा झाला. (आपल्याकडे संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ मध्ये आला आणि त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं, टिळकांनी त्याला कसा विरोध केला, हे ठाऊक असेलच. ही दोन सालं मी नेहमी शेजारी शेजारी ठेवून बघते.)

म्हणजे वॉट्स यांना पशुत्वाची किळस यावी असं वाटत होतं. पण मला हे चित्र मोलाचं वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. हातात ब्रश असताना काहीतरी निराळंच घडलं आहे. त्या पाठीत, त्या लांबवलेल्या मानेत जे उतरलं आहे ते नुसतं पशुत्व नाही. आठवीच्या मुलांना मी हे चित्र नाव न सांगता दाखवते आणि विचारते, हा काय करतोय? ‘वाट बघतोय’, ‘त्याला कुणी नेत नाही’, ‘त्याला घरी जायचंय’ अशी उत्तरं येतात. मग मी म्हणते, आता हात बघा. पक्षी दिसला की वर्ग गप्प होतो. त्याची कीव आली तीही खरी आणि त्याने पक्षी मारला हेही खरं. मुलं दोन्हींतलं एकही सोडायला तयार नसतात. अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांनी मिनोटॉरच्याच तोंडून सांगितलेली एक कथा लिहिली आणि तिचं श्रेय वॉट्स यांच्या या चित्राला दिलं. चित्रकाराने वासना रंगवायला घेतली, आणि बघणाऱ्याला एकटेपणा दिसला.

आणि राक्षस कोण? चित्रात नसलेली माणसं आठवा. शब्द मोडणारा राजा, मुलं जहाजात बसवून देणारं शहर, आणि १८८५ च्या लंडनमधलं सभ्य कपड्यांतलं गिऱ्हाईक. मिनोटॉरला त्या कठड्यावर कुणी आणून ठेवलं, हे चित्र विचारतं. तो निर्दोष आहे असं मात्र ते कुठेही म्हणत नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण हल्ली ‘राक्षस बिचारा भला होता’ एवढं सांगितलं की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. तसं केल्याने फक्त पाट्यांची अदलाबदल होते.

पाओलो उच्चेल्लो यांचं ‘संत जॉर्ज आणि ड्रॅगन’ (साधारण १४७०, लंडनची नॅशनल गॅलरी) जरूर बघा. घोड्यावरचा संत ड्रॅगनच्या डोळ्यात भाला खुपसतोय आणि जिला वाचवायचं ती राजकन्या शेजारी शांत उभी आहे. तिच्या हातात एक दोरी आहे, आणि ती दोरी ड्रॅगनच्याच गळ्यात आहे! याला जुनं स्पष्टीकरण आहे. दंतकथेत जखमी ड्रॅगनला राजकन्या आपला कमरपट्टा बांधून कुत्र्यासारखा गावात नेते. उच्चेल्लोंनी ते दोन क्षण एकत्र आणले, बंडखोरी वगैरे काही त्यांच्या मनात असेल असं मला वाटत नाही. पण डोळ्याला दंतकथा ठाऊक नसते. डोळ्याला दिसतं ते एवढंच, की पाळलेल्या जनावराला कुणीतरी भाल्याने भोसकतंय.

कारावाज्जो यांनी तर स्वतःलाच पणाला लावलं. १६०६ मध्ये रोममध्ये त्यांच्या हातून एक माणूस मेला आणि ते परागंदा झाले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी बायबलमधल्या कथेतला, गोलिएथ या महाकाय योद्ध्याचं कापलेलं मुंडकं धरलेला तरुण डेव्हिड रंगवला. ते चित्र आज रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. मुंडक्याचा चेहरा त्यांचा स्वतःचा आहे. डेव्हिडच्या चेहऱ्यावर विजय शोधून सापडत नाही, तिथे नुसतं दुःख आहे.

ओदिलों रदों यांचा ‘सायक्लॉप्स’ (साधारण १९१४, नेदरलँड्समधलं क्रॉलर-म्युलर संग्रहालय) पुष्कळांना आवडतो. फुलांत झोपलेली गॅलटिया ही ग्रीक कथेतली समुद्रपरी आणि डोंगराआडून एका मोठ्या डोळ्याने तिच्याकडे बघणारा लाजरा राक्षस. मलाही आवडतो. तरी ती झोपेत आहे आणि तिला न कळत तिच्याकडे बघितलं जातंय, हे मला विसरता येत नाही.

आता आपल्या जवळचं. तैयब मेहता मुंबईचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला मारलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या चित्रांतून शेवटपर्यंत गेलं नाही. बांधलेले बैल, कोसळणारी माणसं ते वर्षानुवर्षं काढत राहिले. १९८० च्या दशकात ते शांतिनिकेतनला राहून आले आणि १९९० च्या दशकात त्यांनी महिषासुर रंगवला. २००५ मध्ये त्यातलं एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात १५ लाख डॉलरच्या वर गेलं, बातम्या त्याच्याच झाल्या. किंमत बाजूला ठेवा आणि रेषा बघा. देवी आणि रेडा एकमेकांत इतके गुंतलेत की हा हात कुणाचा आणि ती मान कुणाची हे ठरवायला वेळ लागतो. युद्ध म्हणावं की मिठी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

हे बघताना मला आजोळच्या बांधावरचा म्हसोबा आठवतो. शेंदूर फासलेला एक दगड. नवरात्रात आजी महिषासुरमर्दिनीची आरती म्हणायची आणि पेरणीआधी म्हसोबाला नारळ फोडायची, तिला त्यात काही विसंगत वाटत नसे. म्हसोबा म्हणजेच महिषासुर, असं इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मांडलं आहे. पुरंदर तालुक्यातल्या वीर गावचा म्हस्कोबा भक्तांसाठी काळभैरवाचं रूप आहे, पण नावातला ‘म्हस’ कोसंबींना ऐकू आला होता. तिथे माघ पौर्णिमेला यात्रा भरते, आणि तिची सुरुवात म्हस्कोबा आणि जोगेश्वरी यांच्या लग्नाने होते. देवीच्या शेजारी तो मुंडावळ्या बांधून उभा असतो आणि सगळं गाव अक्षता टाकतं.