दिवसा कंपनी, रात्री डिलिव्हरी अन् झोप गायब

प्रश्न : ताई नमस्कार. वय ३४. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरला आहे, सहा दिवस आठ-आठ तास. बेसाला प्लॉट घेतला, त्याचे हप्ते सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी सात ते अकरा धरमपेठ भागात फूड डिलिव्हरी करतो, रविवारी पण. पैसे बरे येतात, पण दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही, घरात सगळ्यांवर खेकसतो. परवा मुलगी ड्रॉइंग दाखवायला आली अन् मी कागद हातानेच बाजूला सारला. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. माझं डोकं फिरलंय का?

उत्तर : नाही भाऊ, डोक्याला सुट्टीच मिळत नाहीये. तास जोडून बघा, कंपनीचे ४८ आणि डिलिव्हरीचे २८, झाले ७६, जाणं-येणं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मधे सांगितलंय की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त असतो. त्यात तुम्ही बाईकवर, झोप अपुरी असली की ब्रेक दाबायलाही उशीर होतो, मला याचीच जास्त काळजी वाटते.

दोन कामं केली की मन बिघडतंच असं नाही हं. नोकरी सांभाळून कुणी शनिवारी तबल्याचे क्लास घेतो तो उलट फ्रेश असतो, कारण ते आवडीचं आहे अन् नको वाटलं तर थांबवता येतं. हप्त्यासाठी धरलेल्या कामात ती मोकळीक नसते, वरून साहेब दोन, एक सुपरवायझर अन् दुसरं ते ॲप, मग स्टोअरमधे बसून इन्सेंटिव्हचा हिशोब आणि सिग्नलला उभं राहून स्टॉक जुळला का याचा विचार. एका कामातून मन सुटायच्या आधीच दुसरं सुरू, म्हणून अकरा वाजता अंग थकलेलं पण मेंदू जागाच, अन् घरी जो समोर येईल त्याच्यावर राग निघतो.

रविवारची डिलिव्हरी आधी बंद करा. बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा, एकूण व्याज जास्त जाईल हे खरं, तरी मी तेच करायला सांगेन. आणि डिलिव्हरी कोणत्या महिन्यापर्यंत करायची ते वहिनींसोबत बसून आजच ठरवा, शेवट माहीत असला की तेच काम जरा सोपं जातं. मुलीकडून ते ड्रॉइंग मागून घ्या, नीट बघा.

वहिनी बरोबर म्हणतात, दाखवायलाच हवं. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीत जा. जगणंच नको असं कधी वाटलं तर थांबूच नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री दोनलाही उचलतात.