‘तिला बोलले आणि ती सोडून गेली तर?’

“जिच्या हातात माझं उठणं-बसणं, तिलाच मी कसं सांगू, की तू चुकतेस? उद्या ती आलीच नाही तर मला संडासला कोण नेणार?”

घरी मदतनीस ठेवावी लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतो. तो उघड विचारणारे मात्र थोडेच. इथे तो मला विचारला ६८ वर्षांच्या एका काकूंनी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला आणि डावी बाजू कमजोर झाली. बोलणं, स्मरणशक्ती, हिशेब सगळं शाबूत. मदतनीस मुलाने ठेवलेली, सूचनाही त्याच्याच. “आजींना आंघोळ कधी घालू?” हे ती काकूंच्या समोर उभी राहून मुलाला फोनवर विचारायची.

काकूंची तक्रार होती, ‘मी फार चिडचिडी झालेय.’ चिडचिड कधी होते ते आठवडाभर लिहून ठेवायला सांगितलं. सात दिवसांत अकरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या आठ पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसतानाच्या होत्या. मग कळलं, की डावा खांदा तीन आठवडे दुखतोय आणि त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मदतनीस त्यांना दोन्ही काखांत हात घालून उचलायची. पक्षाघातानंतर कमजोर बाजूच्या खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू सैल पडू शकतात. अशा वेळी काखेतून उचललं किंवा हाताला धरून ओढलं, की सांधा जागेवरून सरकू शकतो. म्हणजे ही चिडचिड स्वभावातून आलेली नव्हती, ते दुखणं होतं. दुखण्यासाठी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

यावर घरचे लोक सहसा म्हणतात, “स्पष्ट सांगायचं ना!” हा सल्ला बिनकामाचा आहे. ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून सुरुवात बोलण्यापासून केली नाही, दुसऱ्या मदतनीसापासून केली. ओळखीतली एक बाई पंधरा दिवसांतून एकदा दोन तास येऊ लागली. पहिलीच्या जागी तिला आणायचं नव्हतं. काकूंना उचलायची पद्धत तिच्या हाताला सवयीची राहावी, एवढाच हेतू. पहिल्या मदतनीसालाही सांगितलं, की तुझ्या सुट्टीला कुणी असावं म्हणून ही सोय आहे. तेही खरंच होतं. हे जमल्यावर काकूंचा आवाज आपोआप मोकळा झाला.

मग मुद्दा आला, सांगायचं काय? काकूंनी उत्साहाने चार पानं लिहिली. मदतनीसाने ती घडी करून कपाटात ठेवून दिली. चार पानं कुणी वाचत नाही, आणि उचलताना तर आठवतही नाहीत. शेवटी अर्ध्या पानावर फक्त पलंगावरून खुर्चीत बसण्याची कृती ठेवली, फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहिली आणि कागद पलंगाशेजारी चिकटवला.

खुर्ची उजवीकडे, म्हणजे ताकद असलेल्या बाजूला, पलंगाशी थोडी तिरकी. दोन्ही ब्रेक लावलेले, पायाच्या पट्ट्या वर. पलंगाच्या कडेला बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबायचं, कारण झोपून एकदम उठलं की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पायात न घसरणाऱ्या चपला, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. मदतनीसाने समोर उभं राहून काकूंच्या कमरेला बांधलेला पट्टा धरायचा आणि आपल्या गुडघ्याने त्यांच्या डाव्या गुडघ्याला आधार द्यायचा, म्हणजे तो दुमडत नाही. काकूंनी उजवा हात पलंगावर रेटायचा आणि पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. हे झुकणंच सगळ्यात जास्त चुकतं. माणूस घाबरून मागे रेलतो, मग सगळा भार मदतनीसाच्या कमरेवर येतो आणि ती ओढायला लागते. उभं राहिल्यावर छोट्या पावलांनी वळायचं, खुर्ची पायांना मागून लागली की उजव्या हाताने खुर्चीचा हात धरून सावकाश बसायचं. मदतनीसाच्या गळ्याला मिठी मारायची नाही. तोल गेलाच तर वर खेचायचं नाही, अंगाशी धरून हळूच जमिनीवर बसवायचं. बसल्यावर डाव्या हाताखाली उशी.

सूचना द्यायची वेळही ठरवली. उचलण्याआधी, दोघी निवांत असताना. उचलताना फक्त तीन शब्द: ‘चल’, ‘थांब’, ‘खाली’. ‘थांब’ म्हटलं की कारण न विचारता थांबायचं. वाक्यांचा सरावही केला. ‘तू नेहमी ओढतेस’ यातून मदतनीसाला काय करायचं ते कळत नाही. ‘हात सोड, पट्टा धर’ यातून कळतं.

काकू एकदा म्हणाल्या, “एक हात चालत नाही आणि मी मालकीण?” त्यांना अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांच्याबद्दल सांगितलं. पोलिओमुळे त्यांचं मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं झालं होतं. तरी १९६२ साली ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले आणि आपले मदतनीस स्वतः निवडून, स्वतः शिकवून राहिले. १९७२ साली तिथे अपंग व्यक्तींनीच चालवलेलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं राहिलं, त्यामागेही ते होते. काम मदतनीसाचे हात करतात. ते कसं आणि कधी व्हावं, हे ज्याच्या अंगावर होतं त्याने ठरवायचं.

मुलाची समजूत घालणं जास्त अवघड गेलं. त्याची भीती खरी होती: “आईला काही झालं तर?” आंघोळ, कपडे, खोलीत कोण येणार, झोपेची वेळ हे काकूंचं, असं ठरलं. औषधं आणि गिळण्याच्या अडचणींमुळे ठरवलेलं खाणंपिणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीच बदलायचं नाही, काकूंनीही नाही. वाद अडला तो काकूंना रोज तासभर खिडकीशी एकट्याने बसायचं होतं तिथे. ब्रेक लावलेले, उजव्या हाताशी घंटा आणि फोन, आणि दर पंधरा मिनिटांनी कुल्यांवरचा भार बदलायचा, एवढ्यावर मुलगा तयार झाला. पगारही आता काकूंच्या हातून, ठरल्या तारखेला जातो. मदतनीस कुणाचं ऐकते, यात ह्या एका गोष्टीने फार फरक पडला.

स्मरणशक्ती कमी झालेल्या व्यक्तीबाबत यातलं बरंच सोपं करावं लागतं, पण दोन पर्याय दाखवून ‘यातलं कोणतं?’ असं विचारणं बहुतेकदा शक्य असतं.

एका बाबतीत मात्र समजावत बसू नये. बोलल्याचा राग म्हणून संडासला न्यायला मुद्दाम उशीर, फोन हाताला न येईल असा ठेवणं, दरडावणं, हिसका देणं, पैशांत गडबड, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी घरच्या विश्वासातल्या माणसाला सांगायचं आणि ती मदत थांबवायची. त्यासाठीही दुसरा पर्याय आधीपासून लागतो.

चार महिन्यांनी पहिली मदतनीस खरंच गेली, तिच्या घरच्या अडचणीमुळे. दोन तासांवाल्या बाईने सहा दिवस सांभाळले आणि त्या दिवसांत काकूंनी नव्या मदतनीसाला कागद वाचून दाखवत शिकवलं. नवी ठेंगणी आहे, तिचा गुडघा काकूंच्या गुडघ्याला नीट लागेना. फिजिओथेरपिस्टला पुन्हा बोलावून पद्धत बदलली आणि कागदावरची ती ओळ खोडून काकूंनी नवी लिहिली.